पाकातल्या आल्याचे मसालेदार मफिन : घरच्या ओव्हनमध्ये, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मफिनला क्रीम फेटावं लागत नाही, पीठ आंबवावं लागत नाही, एका भांड्यात कोरडं आणि एका भांड्यात ओलं घेऊन दोन्ही एकत्र केलं की झालं. कृती खरोखर एवढीच आहे. तरीही आल्याचे मफिन पहिल्यांदा करताना हमखास तीन तक्रारी येतात. आल्याचे सगळे तुकडे तळाशी जाऊन बसतात, मफिन आतून चिवट होतो, नाहीतर लवंगेचा वास इतका चढतो की घास घेताना दातदुखीवरचं तेल आठवतं. या तिन्ही चुका ट्रे ओव्हनमध्ये जाण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून भाजण्याबद्दल इथे थोडकं आहे, आणि आलं, मसाले व पीठ कालवणं यांबद्दल सविस्तर.

या मफिनमध्ये आलं दोनदा येतं. एकदा सुंठ म्हणून आणि एकदा पाकात शिजवलेल्या तुकड्यांच्या रूपात. ओल्या आल्याचा तिखटपणा त्यातल्या जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आलं वाळताना त्यातल्या काहीचं शोगॉल होतं आणि ते जास्त तिखट असतं. त्यामुळे सुंठीची ऊब मफिनच्या प्रत्येक कणात पसरते, तर पाकातल्या आल्याचा तुकडा दाताखाली आला की आधी गोड आणि मग झणका लागतो. एकाऐवजी दुसरं वापरलं तर मफिन बिघडणार नाही, पण एकसुरी होईल. दोन्ही हवीत.

वेळेचा हिशोब आधीच करा. आलं घरी पाकवणार असाल तर ते आदल्या दिवशी करायचं काम आहे. मफिनला स्वतःला तासभर पुरतो, त्यातली वीसेक मिनिटं भाजण्याची.

काय काय लागेल

प्रमाण ६ मफिनचं आहे, कारण घरगुती ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे वर-खाली रॉड असलेला छोटा ओव्हन) साधारण सहा खळग्यांचाच ट्रे नीट बसतो. बारा हवे असतील तर सगळं दुप्पट करा, पण ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे जाणार असेल तर पीठ दोनदा वेगवेगळं कालवा. कालवलेलं पीठ वीस मिनिटं ओट्यावर थांबलं तर दुसरा घाणा बसका होतो.

कोरडं:
- मैदा १२५ ग्रॅम
- गुळाची पावडर ४० ग्रॅम आणि साखर २५ ग्रॅम
- बेकिंग पावडर पाऊण टीस्पून
- खायचा सोडा पाव टीस्पून
- मीठ पाव टीस्पून (बटर खारं असेल तर अजिबात नको)
- सुंठ पूड १ टीस्पून
- दालचिनी पूड पाऊण टीस्पून
- लवंग ३, मिरी ५-६ दाणे, दोन्ही ताजी कुटलेली
- जायफळ किसून १/८ टीस्पून, म्हणजे चांगली चिमूटभर

ओलं:
- अंडं १
- दही १०० ग्रॅम
- दूध ३० मिली
- बटर ५० ग्रॅम, वितळवून कोमट केलेलं (किंवा वास नसलेलं तेल ४५ मिली)

आणि पाकातलं आलं : पिठात ५० ग्रॅम, वरून लावायला २० ग्रॅम.

साहित्याइतकीच साधनंही महत्त्वाची. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा नसेल तर तो आधी घ्या. मैदा वाटीने मोजला तर दाबून भरलेल्या आणि भुरभुरून भरलेल्या वाटीत सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि १२५ ग्रॅमच्या कृतीत तो फार मोठा आहे. टीस्पून म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा. घरातला चहाचा चमचा नव्हे, कारण तो प्रत्येक घरात वेगळा असतो. सोडा त्याच्या अंदाजाने घातला की मफिनला साबणासारखी चव येते. बाकी सहा खळग्यांचा ट्रे, कागदी वाट्या, बारीक चाळण, दोन भांडी, रबरी उलथनं आणि जाळीचा स्टँड एवढं पुरे. ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर मिळाला तर अवश्य घ्या. त्याचं कारण सहाव्या पायरीत आहे.

१. आलं निवडा

पाकवण्यासाठी कोवळं आलं लागतं. साल पातळ, नखाने खरवडली तर सहज निघणारी, आणि मोडल्यावर कट्‌कन आवाज करून स्वच्छ तुटणारं. तुटलेल्या टोकाला केसांसारखे धागे लोंबत असतील तर ते जून आलं आहे. चहाला आणि सुंठीला ते उत्तम, पण पाकात कितीही शिजवलं तरी त्याचे धागे दातात येणार. आपल्याकडे, म्हणजे सातारा आणि संभाजीनगर भागात, आल्याची लागवड एप्रिल-मे-जूनमध्ये होते. त्यामुळे पावसाळा सरताना आणि दिवाळीच्या आगेमागे नवं, कमी रेषेचं आलं बाजारात दिसतं. तेव्हा किलोभर घेऊन पाकवून ठेवलं तर पुढे डोक्याला ताप नाही. उन्हाळ्यात फक्त जूनच मिळालं तर त्याच्या बाजूच्या लहान बोटांसारख्या फांद्या घ्या. मधल्या जाड गड्ड्यापेक्षा त्या मऊ असतात.

२. आलं पाकवा (आदल्या दिवशी)

२५० ग्रॅम आलं घ्या. सोलाण्याने सोलू नका, आलं फार वाया जातं. चमच्याच्या कडेने खरवडा, खाचाखोचांतली सालही निघते. सोलून साधारण २०० ग्रॅम उरेल. त्याचे ५-६ मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, चौकोनी तुकडे करा. हा आकार लक्षात ठेवा, कारण मोठे तुकडे पिठात बुडतात आणि याहून बारीक केले तर त्यांचं अस्तित्व जाणवत नाही.

तुकडे बुडून वर दोन बोटं राहील इतक्या पाण्यात झाकण ठेवून ३० ते ४० मिनिटं उकळा. कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्यांत काम होतं. एक तुकडा बाहेर काढून नखाने दाबा, सहज खूण उमटली पाहिजे. इथे घाई करू नका. आलं एकदा साखरेत गेलं की ते आणखी मऊ होत नाही, उलट आवळतं. पाण्यात अर्धवट शिजलेला तुकडा पाकात तासभर ठेवला तरी कडकच राहतो, आणि बाहेरून चकचकीत दिसत असल्यामुळे ते कळतं मफिन खाताना.

पाणी गाळून बाजूला ठेवा, टाकू नका. शिजलेल्या तुकड्यांचं वजन करा आणि तेवढीच साखर घ्या. साधारण २०० ग्रॅमला २०० ग्रॅम. त्यात गाळलेलं पाणी १०० मिली, लिंबाचा रस अर्धा टीस्पून आणि चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. लिंबामुळे साखरेचा थोडा भाग फुटतो आणि पाकात खडे धरत नाहीत. २५ ते ३० मिनिटांत तुकडे पारदर्शक दिसू लागतात आणि पाक एकतारीच्या जरा पुढे जातो. थर्मामीटर असेल तर १०६ अंश सेल्सियसला गॅस बंद करा. शेवटच्या दहा मिनिटांत सारखं ढवळू नका, त्यानेही साखर परत खडे धरते. धरलीच तर तीन चमचे पाणी घालून पुन्हा विरघळवा, काही बिघडत नाही.

चाळणीत ओतून पाक गाळून घ्या आणि तो बाटलीत भरा. हा पाक पुढे मफिनवर लावायला लागणार आहे आणि चहातही सुरेख लागतो. तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे जाळीवर पसरा. दोनेक तासांनी हाताला चिकट पण ओले नाहीत अशा अवस्थेत आले की तीन-चार चमचे साखरेत घोळवा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, ते रात्रभरात सुकत नाहीत आणि साखर पाणी सोडते. तेव्हा ओटीजी सगळ्यात कमी तापमानावर लावून, दार बोटभर उघडं ठेवून, अर्धा तास सुकवा आणि गार झाल्यावर पुन्हा साखरेत घोळवा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ते दोन-तीन महिने टिकतात.

विकत घेणार असाल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. त्यात आलं आणि साखर एवढंच हवं. किराणा दुकानात आणि प्रवासी थांब्यांवर ‘जिंजर कँडी’ म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा काळं मीठ, लिंबू, ओवा, जिरं असतं. पाचक म्हणून ते छान, पण मफिनमध्ये काळ्या मिठाचा वास गरम झाल्यावर उठतो आणि दुसरं काही लागतच नाही. परदेशात हे आलं ‘क्रिस्टलाइज्ड जिंजर’ नावाने मिळतं. ब्रिटनमध्ये पाकात बुडवलेलं ‘स्टेम जिंजर’ बाटलीत मिळतं, ते कागदावर टिपून कोरडं करून वापरा. पाकिटातलं आलं खडखडीत वाळलेलं असेल तर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, निथळा, फडक्याने पुसा आणि मग चिरा.

आलेपाकाच्या वड्या चालतील का? हा प्रश्न मराठी घरात येणारच. पिठात घालायला नाही चालणार. आलेपाकात आलं वाटून साखरेत आटवलेलं असतं, त्यामुळे ओव्हनच्या उष्णतेत वडी विरघळते आणि तिच्या जागी ओलसर पोकळी उरते. पण वडी भरड कुटून मफिनवर भुरभुरवली तर तिची छान कुरकुरीत खपली बनते. घरात आलेपाक असेल तर वरच्या २० ग्रॅम आल्याऐवजी तोच वापरा. माझ्या मते तो वरून जास्त चांगला लागतो.

ओलं आलं किसून घालू नका, निदान दुधा-दह्यात कालवून ठेवू नका. चहात दूध आणि आलं एकदम घातलं की कधीकधी दूध नासतं, त्यामागे आल्यातलं झिंजिबेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. पाकवलेलं आलं आधीच उकळलेलं असल्यामुळे त्यात हा धोका नाही.

३. मसाले कुटा

सुंठ आणि दालचिनीची पूड विकतची चालेल, मात्र डबा उघडून सहा महिने झाले असतील तर नवी घ्या. लवंग, मिरी आणि जायफळ मात्र ताजंच. तीन लवंगा आणि सहा मिरी मिक्सरमध्ये फिरत नाहीत, पात्याखाली नुसत्या पळत राहतात. त्या खलबत्त्यात घाला आणि कृतीतल्याच साखरेपैकी एक चमचा त्यांच्यासोबत घाला. साखरेचे कण कानसीसारखे घासले जातात आणि दोन मिनिटांत बारीक पूड होते. नंतर ही पूड मैद्यासोबत चाळून घ्यायची आहे, म्हणजे लवंगेचा राहिलेला देठ वर राहील.

लवंग मोजून घ्या, अंदाजाने नको. तिच्यातलं युजेनॉल, म्हणजे तिला वास देणारं द्रव्य, फार प्रबळ असतं. पाच लवंगा पडल्या की बाकीचे मसाले असून नसल्यासारखे. जायफळ बारीक किसणीवर किसा. सहाणेवर उगाळलेलं जायफळ ओलं असतं, ते घालायचं असेल तर ओल्या भांड्यात घाला, दुधात नीट मिसळतं.

दालचिनीबद्दल एक गोष्ट. बाजारात मिळणारी जाड, कडक सालीची दालचिनी बहुतेक कॅसिया असते, तिचा वास उग्र आणि किंचित तिखट. पातळ पापुद्र्यांची गुंडाळलेली सिलोन दालचिनी सौम्य आणि गोडसर. इथे कॅसियाच बरी, कारण तिला सुंठीसमोर उभं राहायचं आहे. वेलची घालावीशी वाटेल, पण तिने या मफिनची चव शिऱ्याकडे झुकते. त्यामुळे पहिल्या खेपेला न घालता करून बघा.

४. सगळं एका तापमानाला आणा

अंडं, दही आणि दूध तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढा. थंड दह्यात वितळलेलं बटर घातलं की त्याचे पिवळे कण जागच्या जागी गोठतात. मग ते पिठात सारखे पसरत नाहीत आणि भाजताना मफिनच्या तळाशी तेलकट डाग पडतात. हे झालंच असेल तर मिश्रणाचं भांडं दोन मिनिटं कोमट पाण्यात धरा, कण विरघळतात.

दही घरचं असेल आणि पाणी सुटलेलं असेल तर आधी फेटा, मग वजन करा. फारच पातळ असेल तर चाळणीत दहा मिनिटं ठेवून पाणी जाऊ द्या. चक्का मात्र वापरू नका, पीठ कालवलंच जाणार नाही. दही किंचित आंबट असावं. पाव टीस्पून सोड्याला काम करायला तेवढं आम्ल लागतं.

बेकिंग पावडर जुनी वाटत असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली पाहिजे. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. दोन्हींऐवजी फळांच्या स्वादाचं किंवा साधं फ्रूट सॉल्ट घालण्याची पद्धत आहे, ती टाळा. फ्रूट सॉल्ट ओलं होताच बराचसा वायू सोडून देतं आणि ट्रे ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. ढोकळ्याला ते चालतं, कारण ढोकळा लगेच वाफेवर जातो.

५. ओव्हन आधी तापवा

पीठ कालवण्याआधी ओव्हन तापलेला हवा. ओटीजीत वरचा आणि खालचा दोन्ही रॉड सुरू करून २१० अंशांवर १५ मिनिटं. पंखा असेल तर १९० पुरे. मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर फक्त कन्व्हेक्शन (गरम हवेचा) मोड, २०० अंश, बुटका स्टँड. मायक्रो मोडमध्ये धातूचा ट्रे ठेवायचा नाही, आणि त्यात मफिन खरपूस होतही नाही.

ट्रे अशा खाचेत ठेवायचा की मफिनचे डोके ओव्हनच्या मधोमध येतील. ती खाच तापवण्याआधीच ठरवून जाळी बसवून ठेवा.

६. ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

घरगुती ओटीजीचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो, आणि तो प्रत्येक ओव्हनचा वेगळा. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून २० मिनिटांनी वाचा. फरक किती हे एकदा कळलं की डायलवर पेन्सिलने खूण करून ठेवा. थर्मामीटर नसेल तर पहिल्या खेपेला १५ व्या मिनिटापासून काचेतून लक्ष ठेवा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

७. पीठ कालवा : सगळी गंमत इथेच

मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळा. गुळाची पावडर वेगळी चाळा. तिच्यात गुठळ्या असतात, आणि त्या पिठात तशाच राहिल्या तर भाजल्यावर काळे, चिकट ठिपके दिसतात. मग साखर आणि गूळ मैद्यात हाताने मिसळा.

पाकातल्या आल्याचे तुकडे बोटांनी सुटे करा, जास्तीची साखर झटका, आणि त्यांवर एक टीस्पून कोरडं मिश्रण घालून घोळवा. प्रत्येक तुकडा पांढरट दिसला पाहिजे. यामुळे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. ते बुडू नयेत म्हणून मात्र नुसतं मैद्यात घोळवणं पुरत नाही, पीठच घट्ट हवं.

दुसऱ्या भांड्यात अंडं, दही आणि दूध फेटा, मग वितळलेलं बटर घालून पुन्हा फेटा. इथे हवं तेवढं फेटा, अजून मैदा पडलेला नाही.

आता ओलं कोरड्यात ओता. उलथनं भांड्याच्या कडेने खाली घाला, तळातून वर आणा, वरून दुमडा. भांडं थोडं फिरवा आणि पुन्हा तेच. दहा वेळा. मग आलं घाला आणि आणखी चार-पाच वेळा. थांबा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की काम संपलं. लहान गुठळ्या दिसतील, त्या राहू द्या. भाजताना त्या आपोआप मुरतात.

भजीचं पीठ एकाच दिशेने फेटून हलकं करायची आपल्या हाताला सवय असते, आणि इथे तीच सवय आड येते. बेसनात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, मैद्यात असतं. ओल्या मैद्याला जितकं ढवळाल तितकं त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि वायू वर जाताना उभे बोगदे पाडत जातो. जास्त फेटलेला मफिन उभा कापला की तळापासून टोकापर्यंत जाणारी लांबट भोकं दिसतात, आणि तोंडात तो ब्रेडसारखा ओढला जातो.

तयार पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असावं. चमचा उलटा केला तर वाहू नये, क्षणभर थांबून गोळ्याने पडावं. वाहत असेल तर आलं तळाशी जाणार हे नक्की. एक चमचा मैदा भुरभुरवून दोनदा दुमडा. फारच घट्ट, लाडवासारखं वाटलं तर एक चमचा दूध.

८. भरा आणि भाजा

कागदी वाट्या ट्रेमध्ये लावा. सगळ्यांत तळाशी एक-एक चमचा पीठ घालून मग उरलेलं वाटा. प्रत्येकात साधारण ७५ ग्रॅम येईल, वाटी पाऊण भरेल. वरून उरलेले आल्याचे तुकडे ठेवा आणि बोटाने अर्धे आत दाबा. नुसते वर ठेवलेले तुकडे उघडे राहून करपतात, मग ते गोड न लागता कडू लागतात.

लगेच ओव्हनमध्ये. २१० अंशांवर ५ मिनिटं, मग दार न उघडता १८० वर आणून आणखी १३ ते १५ मिनिटं. पंखा असेल तर १९० आणि १६५. सुरुवातीच्या जोरदार उष्णतेने कडा लवकर धरतात आणि मधला भाग वर ढकलला जाऊन घुमट येतो. पहिली १२ मिनिटं दार उघडू नका. वरचा रॉड जवळ असल्यामुळे डोकं लवकर काळपट होत असेल तर दहाव्या मिनिटानंतर तो बंद करा. गुळामुळे हे मफिन साखरेच्या मफिनपेक्षा गडद होतातच, त्यामुळे निव्वळ रंग पाहून काढू नका.

झाला का हे बघायला टूथपिक खुपसा, ओलसर कण चिकटले तर चालेल, पीठ चिकटलं तर नाही. पण टूथपिक आल्याच्या तुकड्यातून गेली तर पाकाने ओली निघते आणि मफिन कच्चा वाटतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी टोचा. बोटाने अलगद दाबल्यावर वरचा भाग परत उसळून आला तर झालाच. आतलं तापमान मोजत असाल तर ९६-९७ अंश.

बाहेर काढल्यावर गरम असतानाच उरलेला आल्याचा पाक ब्रशने पातळ लावा. आलेपाक भुरभुरवला असेल तर पाक लावू नका, खपली मऊ पडेल. पाच मिनिटं ट्रेमध्ये, मग जाळीवर. ट्रेमध्ये तसेच ठेवले तर वाफ कोंडून तळ ओले होतात. कागद पूर्ण गार झाल्यावरच सोला, गरम असताना सोलला तर निम्मा मफिन कागदालाच राहतो.

थोडे बदल

*अंडं नको असेल तर* दही ५० ग्रॅम वाढवा आणि बेकिंग पावडर पाव टीस्पून जास्त घ्या. दोन-तीन मिनिटं जास्त भाजा. घुमट थोडा कमी येईल, पण मफिन ओलसर राहील.

*कणीक घालायची असेल तर* एक तृतीयांश मैदा बदला, म्हणजे ४० ग्रॅम. चक्कीवर दळलेल्या कणकेतला स्टार्च बराच फुटलेला असतो आणि ती पाणी जास्त ओढते. म्हणून दूध एक टेबलस्पून वाढवा आणि पीठ भाजण्याआधी पाच मिनिटं थांबू द्या.

*साजूक तूप घालायचं तर* ४० ग्रॅम तूप आणि दूध १० मिली जास्त. बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो.

*ओव्हनच नसेल तर* जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग स्टीलच्या वाट्यांत कागद लावून पीठ भरा आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ठेवा. वरून रंग येत नाही, म्हणून इथे आलेपाकाऐवजी पाक लावणं बरं. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा.

*परदेशात असाल तर* सेल्फ-रेझिंग पिठाकडे लक्ष द्या. त्यात बेकिंग पावडर आधीच असते, काही देशांत मीठही. ते वापरलं तर इथली बेकिंग पावडर आणि मीठ वगळा, पण दह्यासाठीचा सोडा ठेवा. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा. गुळाऐवजी डार्क ब्राउन शुगर तेवढ्याच वजनाने चालते.

बिघडलं तर कारण कुठे शोधाल

मफिन फुगून मध्ये खचला : बहुतेक वेळा दार लवकर उघडलं किंवा आतून कच्चा असतानाच बाहेर काढला. क्वचित सोडा जास्त पडलेला असतो, तेव्हा चवीतही कळतं.

एका बाजूला झुकला : ओव्हनचा एक कोपरा जास्त तापतो. पुढच्या खेपेला १२ मिनिटांनंतर ट्रे अर्धा फिरवा.

वरून कडक आणि खालून फिका : ट्रे फार वर होता, किंवा खालचा रॉड लागलाच नव्हता. ओटीजीचं बटण ‘दोन्ही रॉड’वर आहे ना, ते तपासा. नवशिक्यांकडून हे फार वेळा होतं, कारण टोस्टसाठी ते वरच्या रॉडवर ठेवलेलं असतं.

मसाल्याची चव कमी वाटली : दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. सुंठ आणि लवंग रात्रभरात मुरतात, गरम मफिनमध्ये त्यांची पूर्ण चव कळत नाही. दुसऱ्या दिवशीही फिकं वाटलं तर सुंठ पाव टीस्पून वाढवा. लवंगेला हात लावू नका.

ठेवणं

पूर्ण गार झाल्यावर डब्यात तळाला कागदी नॅपकिन घालून भरा. बाहेर दोन दिवस, पावसाळ्यात एकच. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे मैद्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि मफिन बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. जास्त दिवस ठेवायचे तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये, दोन महिने चांगले राहतात. काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा आणि १५० अंशांवर सात-आठ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे असतील तर वीस सेकंदांच्या वर जाऊ नका, कारण आल्याच्या तुकड्यातला पाक मफिनच्या आधी उकळतो आणि जीभ भाजते.